काकांना माझा खेळ ठाऊक होता

मला बुद्धिबळ दोघांनी शिकवलं. आधी बाबांनी, चुकीचं. मग काकांनी, बरोबर.

बाबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे विणायच्या मागांवर, होते. आजोबा महूच्या पलटणीतून निवृत्त झालेले. पलटणीत शिकलेला देशी डाव त्यांनी बाबांना दिला आणि बाबांनी मला. देशी डावात प्यादं एका वेळी एकच घर सरकतं, आणि शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. दुपारपाळीच्या आधी गेटसमोरच्या चहाच्या गुमटीवर बाबा आणि त्यांचे सोबती बाकावर पट मांडून बसत. बघणारे खेळणाऱ्यांपेक्षा जास्त बोलायचे. भोंगा वाजला की डाव तसाच सोडून सगळे आत पळत आणि गुमटीवाला मोहरे डब्यात भरून ठेवी.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन, शाळेने मला जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवलं. पहिल्याच डावात मी अडकलो. मग मोठ्या रुबाबात राजा उचलला आणि अडीच घरं लांब ठेवला. समोरचा मुलगा हसायला लागला. पंच आले.

"ये क्या है?"

"राजाची उडी," मी म्हटलं.

अख्खा हॉल हसला. बाबा मागे पालकांत उभे होते, ते तरातरा पुढे आले. साच्यांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे बाबांना कमी ऐकू यायचं आणि ते फार मोठ्यानं बोलायचे. "साहब, एक बार चलती है! शह कहाँ लगा है अभी तक?" पंचांनी दंडाला धरून त्यांना दारापर्यंत नेलं.

मी बाहेर पायऱ्यांवर रडत बसलो होतो. बाबा अजून कुणाला तरी नियम समजावत होते. तेव्हा खादीच्या कुडत्यातला एक उंच माणूस माझ्या शेजारी येऊन बसला. ते आमच्याच मिलच्या युनियनचे सेक्रेटरी होते, आणि शहराच्या बुद्धिबळ संघटनेचं कामही तेच बघायचे. मिलमध्ये त्यांना सगळे सेक्रेटरीसाब म्हणत. मी त्या दिवसापासून काका म्हणू लागलो.

"तुझी चाल चुकीची नव्हती रे बेटा," ते म्हणाले. "खेळ दुसरा होता. उद्यापासून युनियन ऑफिसात येत जा."

युनियनचं ऑफिस म्हणजे गेटला लागून असलेली पत्र्याची एक खोली. कोपऱ्यात गुंडाळलेले झेंडे, एक कॅरम बोर्ड, आणि कपाटात बुद्धिबळाची रशियन पुस्तकं. ही पुस्तकं विकणारी एक गाडी तेव्हा गावोगाव फिरायची आणि त्यात ती अगदी स्वस्तात मिळायची. काका त्या पुस्तकांतला एकेक डाव पटावर लावत आणि मध्येच थांबत. "आता समोरच्याला काय हवंय ते सांग. तुला काय हवंय ते मी विचारतच नाहीये." मी विचार करायचो, काका शेंगा सोलायचे आणि दाणे माझ्याकडे सरकवायचे. मध्येच कुणी कामगार रजेचं भांडण घेऊन यायचा. काका त्याचं ऐकून घेत, फोरमनला निरोप धाडत आणि परत पटाकडे वळून म्हणत, "हां, बोल."

सहा-सात वर्षं मी त्या खोलीत वाढलो. फी हा शब्दही कधी निघाला नाही. मोठ्या स्पर्धेच्या आधी ते मला सायकलवर बसवून खजराण्याच्या गणपतीला न्यायचे. आमच्या घरात देवधर्म नव्हता, भिंतीवर बुद्धाची एक तसबीर एवढंच. काका आत नारळ फोडून येईपर्यंत मी हारवाल्यांपाशी त्यांच्या चपला सांभाळत उभा राहायचो. त्यांनी मला कधी आत चल म्हटलं नाही आणि का येत नाहीस असंही विचारलं नाही. बाबांना ते फार आवडलं होतं.

मी राज्याच्या ज्युनियर स्पर्धा जिंकू लागलो. बाहेरगावी जायचं झालं की गेटवर माझ्यासाठी वर्गणी निघे. साचेखात्यातले लोक मला रस्त्यात अडवून विचारत, "क्या भिया, किसको हराया?"

एका संध्याकाळी, मी एक जिंकत आलेला डाव हरून परतलो होतो, काकांनी तो डाव पुन्हा लावला. मग म्हणाले, "तुझं एक मला कळलंय. वजीर पटावर असला की तू वाघ. वजिरांची अदलाबदल झाली की तुला डावाचा कंटाळा येतो. मग काहीतरी घडवायला बघतोस आणि पडतोस."

मला राग आला, कारण खरं होतं.

"हळूहळू जाईल ते," काका म्हणाले. "पण तोवर ही गोष्ट आपल्या दोघांतच. समोरच्याला कळली ना, तर तुला कुणीही हरवेल."

नव्वदीची सुरुवात होती. मिल आजारी आहे असं लोक बोलत, घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं. कधी सूत नाही, कधी वीज तोडली, कधी पगार लांबला. आठवडाभर बंद, मग दोन पाळ्या, मग एक. शहरात मात्र नवंच काहीतरी चाललं होतं. पीथमपूरकडे कारखाने उभे राहत होते, सोयाबीनच्या तेलाच्या जाहिराती भिंतींवर चढत होत्या, तुकोगंजात काचेची ऑफिसं निघत होती. मिलच्या मालकांच्या घराण्यानेही तिथे एक ऑफिस थाटलं होतं. कुणी म्हणे शेअर, कुणी म्हणे सोया.

काका रोज गेटवर मीटिंग घेत. त्यांचं भाषण मला अजून ऐकू येतं. आवाज कधी चढायचा नाही. "मशीन विकायला काढतील तेव्हा पहिला मी आडवा पडीन. कोर्टात आपली बाजू मजबूत आहे. फक्त कुणी पांगू नका."

आमच्या नंदानगरच्या गल्लीत लोक पांगायच्या बेतात होते. सुरतेला पॉवरलूमवर माणसं हवी होती. आमच्या शेजारी राहणारे बाबांच्याच खात्यातले एक विणकर होते, ज्यांच्याशी बाबा रोज डाव खेळायचे. त्यांनी तर पेटी बांधून ठेवली होती. बाबा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

"एक महिना थांब यार. सेक्रेटरीसाब बोललेत म्हणजे बोललेत. मी ओळखतो त्यांना. माझा पोरगा त्यांच्या हाताखाली वाढलाय."

शेजारी थांबले. त्यांच्यासारखे आणखी कितीतरी जण बाबांच्या शब्दावर थांबले. बाबा काही पुढारी नव्हते. पण काकांचा आणि आमचा घरोबा सगळ्यांना माहीत होता, आणि बाबांच्या तोंडून आलं म्हणजे ते आतलं समजत.

त्याच सुमारास काकांनी मला एक बातमी दिली. मालकांची नवी कंपनी शहरातला एक खेळाडू दत्तक घेणार होती. परदेशातल्या स्पर्धा, बाहेरचा कोच, सगळा खर्च कंपनीचा. ग्रँडमास्टर व्हायचं तर दुसरा रस्ताच नव्हता, कारण त्यासाठी लागणाऱ्या स्पर्धा तेव्हा बहुतेक युरोपात होत. "नाव मलाच सुचवायचंय," काका म्हणाले, "आणि या शहरात नाव एकच आहे." त्या दिवशी घरी आईने शिरा केला.

मग एका सकाळी गेटला कुलूप दिसलं. पहिल्या पाळीचे लोक डबे घेऊन रस्त्यावर उभे होते. युनियन ऑफिसही बंद. काका भोपाळला गेलेत, मंत्र्यांना भेटायला, असं कुणीतरी सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं. आठवडा गेला. काका आले नाहीत.

बाबा म्हणाले, "आपणच जाऊ त्या ऑफिसात. तुझं तर विचारून येऊ. तेवढंच होईल एक काम."

राज्य स्पर्धेची माझी ढाल आईने टॉवेलात गुंडाळून दिली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आम्ही टेम्पोने तुकोगंजात गेलो. दारावरचा माणूस आमच्याकडे बघून म्हणाला, "किससे मिलना है भिया?" बाबांनी ढालीवरचा टॉवेल बाजूला केला. त्याने आत सोडलं.

आत थंड होतं. मी पहिल्यांदाच एसीत शिरलो होतो. काचेच्या भिंतींच्या खोल्या, एकीतून दुसरीतलं दिसायचं. तिसऱ्या खोलीत काका बसले होते.

खादीचा कुडता नव्हता, फुल शर्ट होता. समोर बुद्धिबळाचा पट होता आणि पलीकडे माझ्याहून थोडा लहान, गोरा मुलगा. त्याला मी स्पर्धांमधून ओळखत होतो. मालकांचा नातू. बरा खेळायचा.

बाबांनी काचेचं दार ढकललं. "साहेब, तुम्ही तर भोपाळला होता ना?"

काका उठले. "अरे, या, या. बसा ना."

आम्ही बसलो नाही.

"सोमवारी गेटवर मीटिंग आहे," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजाने बाजूच्या खोलीतली माणसं वळून बघायला लागली. "लोकांना काय सांगू?"

"मीटिंग होणार नाही."

"का?"

"मी आता युनियनमध्ये नाहीये. इथे आहे. स्पोर्ट्स ऑफिसर म्हणून." काका टेबलावरचा एक मोहरा उगाच सरळ करत होते. "मी सांगणारच होतो तुम्हाला. मिल काही चालू होत नाही आता. मीही दमलो. दोन मुलींची लग्नं आहेत माझ्या."

"आणि कोर्ट?"

काकांनी तोच मोहरा पुन्हा सरळ केला. कोर्टातली आमची बाजू युनियननेच सोडून दिली होती, हे आम्हाला नंतर कळलं. पण बाबांना तेवढ्यातच कळलं असावं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"आणि याचं?"

"कंपनीने घरातलाच खेळाडू घ्यायचं ठरवलं. माझ्या हातात काय होतं? याचं काही ना काही होईल. गुणी आहे तो."

तेवढ्यात तो मुलगा उभा राहिला आणि अगदी मनापासून मला म्हणाला, "भैया, आपका नागपुर वाला गेम सरने दिखाया। क्या खेला है आपने!"

नागपूरचा तो डाव कुठे छापून आला नव्हता. तो फक्त काकांकडे होता. मी पटाकडे बघितलं. काळ्याकडून मी जो बचाव खेळायचो, ज्याला किंग्ज इंडियन म्हणतात, तोच मांडलेला होता. पांढऱ्याने मधली प्यादी मारून घेतली होती आणि दोन्ही वजीर पटाबाहेर, टेबलाच्या कडेला आडवे पडले होते.

मला त्या वेळी नीट समजलं नाही. म्हणजे समजलं, पण काका असं करतील यावर विश्वास बसेना. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी हात पुढे करून पटावरचे मोहरे पटकन विसकटले. त्यावरून मला पक्कं कळलं.

बाबांनी ढाल परत टॉवेलात गुंडाळली. जाताना दारात थांबून ते एवढंच म्हणाले, "मी लोकांना थांबवून ठेवलं होतं, साहेब."

सोमवारी बाबा गेटवर गेले आणि जे होतं ते सगळ्यांना सांगितलं. जाऊ नको म्हणून आई मागे लागली होती, पण ते गेले. कुणी मारलं वगैरे नाही. शेजारचे विणकर फक्त म्हणाले, "मला तर तू सांगितलं होतंस." आठवड्याने ते सुरतेला गेले आणि थोड्याच दिवसांत परत आले, कारण तिथल्या जागा आधीच आलेल्यांनी भरल्या होत्या. ते पुढे रिक्षा चालवू लागले. आमच्या घरावरून जाताना ते मान वळवत नसत. बाबा ओट्यावर बसलेले असले तरी नाही. गुमटीवरचा डाव तर मिलबरोबरच संपला होता, पण एकमेकांच्या घरी बसून खेळणं सहज जमलं असतं. बाबा पुन्हा कधी पटाला शिवले नाहीत.

घरी रेडीमेडवाल्यांकडून शर्टांचे गठ्ठे येऊ लागले. आई काजं करायची, बाबा बटणं लावायचे. मी कॉलेज सांभाळून मुलांना बुद्धिबळ शिकवायचो.

पुढच्या वर्षी राज्याच्या निवड स्पर्धेत शेवटच्या फेरीत माझ्यासमोर मालकांचा नातू आला. जो जिंकेल तो राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता. त्याच्याकडे पांढरे मोहरे होते. मला माहीत होतं की काकांनी त्याला काय शिकवलं असणार. मी बचाव बदलायला हवा होता. पण मला दुसरा काही येत नव्हता, सगळं त्या पत्र्याच्या खोलीतच शिकलेलो. आणि खरं सांगायचं तर मनात कुठेतरी वाटत होतं, काका असं करणार नाहीत. एकदा माझ्यासमोर विसकटलेत ना मोहरे, म्हणजे त्यांना लाज वाटली असेल. ते त्या मुलाला दुसरं काहीतरी खेळायला सांगतील.

पहिल्या आठ-दहा चालींतच त्याने वजीर मारून घेतला. मला परत मारावा लागला. पट एकदम ओसाड झाला. मी मान वर केली. काका प्रेक्षकांत दुसऱ्या रांगेत बसले होते आणि माझ्याकडे नाही, त्या मुलाकडे बघत होते.

डावात काहीच नव्हतं. सरळ बरोबरी होती. बरोबरी झाली असती तर आम्हा दोघांत टायब्रेकचा डाव झाला असता. पण काकांनी जसं ओळखलं होतं तसंच मी वागलो. स्वस्थ बसवेना. काहीतरी घडवायला गेलो, एक प्यादं पुढे ढकललं, ते पडलं, मग त्याच्या मागचं. तो मुलगा घाई न करता एकेक चाल करत गेला, जणू कुणीतरी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की हा स्वतःच पडेल, तू फक्त थांब. हस्तांदोलन करताना त्याचा हात घामेजला होता. त्याच्यावर माझा राग नव्हता, तेव्हाही नाही.

इतर माणसं फसवतात तेव्हा ती काहीतरी नेतात, म्हणजे नोकरी, घर, शब्द. काकांनी माझ्यातली एक कमजोरी नेली, जी मी स्वतः त्यांच्या हातात ठेवली होती, आणि ती दुसऱ्याला दिली. मी कित्येक महिने पट मांडू शकलो नाही. मांडला की वाटायचं, प्रत्येक चाल त्यांना आधीच माहीत आहे.

शेवटी मी ठरवलं की त्यांना माहीत असलेला खेळाडू बंदच करायचा. सुरुवातीच्या चाली बदलल्या, बचाव बदलला. आणि वजिराशिवायचे डाव घेऊन बसलो, ज्यांचा मला कंटाळा होता तेच. नुसता राजा, एक हत्ती, दोन-चार प्यादी. सकाळी उठून तेच, दुपारी तेच. आधी चीड यायची. मग हळूहळू त्यात काहीतरी दिसू लागलं. माणसांची गर्दी गेल्यावर मैदान दिसतं तसं. दोन-तीन वर्षांत असं झालं की वजीर पटावरून गेले की मला बरं वाटायचं.

खेळाडूंच्या कोट्यातून एका सरकारी कंपनीत नोकरी लागली आणि रजा मिळू लागल्या. मग माझी ती वर्षं सुरू झाली ज्यांच्याबद्दल आता मुलं मला विचारतात. ग्रँडमास्टर व्हायचं म्हणजे रेटिंग तर हवंच, शिवाय तगड्या स्पर्धांमध्ये तीनदा ठरलेल्या दर्जाचा खेळ करून दाखवावा लागतो, त्याला नॉर्म म्हणतात. लोकांना वाटतं, विमानं आणि हॉटेलं. मी पूर्व युरोपातल्या छोट्या गावांत विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहायचो. सकाळी विजेच्या शेगडीवर पोहे करायचो, आईने दिलेली शेव वरून टाकायची. समोर आमच्या बाबांच्या वयाचे, एकेकाळी मोठे असलेले खेळाडू असायचे. त्यांचीही सरकारी मदत बंद झालेली, तेही गावोगाव फिरून बक्षिसांवर जगायचे. त्यांच्यातल्या एकाने मला हरवल्यावर आपल्या थर्मासमधला चहा दिला होता. आमच्या भाषांत एकही शब्द सारखा नव्हता. आम्ही डाव पुन्हा लावून बघितला आणि बोटांनी बोललो.

पहिलं नॉर्म मिळालं, दुसरं मिळालं. तिसरं अर्ध्या गुणाने दोनदा हुकलं. मिळालं तेव्हा शेवटच्या डावात हत्ती आणि प्याद्यांचा एक लांबलचक शेवट होता. समोरचा बरोबरी मागत होता आणि मी नको म्हणत होतो. कधीकाळी मी अशा जागेवरून पळून गेलो असतो. जिंकल्यावर इतर खेळाडू येऊन हात मिळवत होते, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो काकांचा. हा डाव त्यांना ओळखता आला नसता. आनंदाच्या क्षणी हेच सुचावं याचं मला फार वाईट वाटलं.

घरी फोन केला. बाबांना फोनवर आणखीच कमी ऐकू यायचं. तीनदा सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आता झालं ना? आता परत परीक्षा नाही ना?"

शहराने सत्कार ठेवला. नेते, हार, शाली. बाबा यायला तयार नव्हते, पण आईने आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. मंचावर माझ्या शेजारच्या खुर्चीत काका होते. आता केस पांढरे, हातात काठी. ते सुदामा नगरात राहत होते, मुलींची लग्नं झाली होती. मालकांच्या नातवाने खेळ केव्हाच सोडून धंदा धरला होता. निवेदकाने काकांना "ग्रँडमास्टर घडविणारे गुरू" म्हणून बोलावलं. ते माइकवर गेले आणि म्हणाले, "हा माझ्याकडे आला तेव्हा राजाला उडी मारायला लावायचा." लोक हसले. मी बाबांकडे बघितलं. ते खाली बघत होते.

माझी पाळी आली तेव्हा मी मिलच्या लोकांचे, गेटवरच्या वर्गणीचे आभार मानले, आई-बाबांचे मानले. काकांचं नाव घेतलं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. त्यांच्या आलं.

खाली जेवणाच्या मंडपात ते माझ्याजवळ आले. "नाव घ्यायचं होतंस रे एकदा. लोकांसमोर."

मी इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते विचारलं. "तुम्ही त्याला माझं का सांगितलंत, काका? नोकरी धरलीत, ठीक आहे. त्याला शिकवलंत, ठीक आहे. पण ते का सांगितलंत?"

"ते माझं काम होतं. पगार घेत होतो ना मी त्यांचा. आणि तुझ्याकडून कधी फी घेतली होती मी?"

"नाही."

"मग?" ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच न समजल्यासारखं काहीतरी होतं. "शिवाय बघ ना, तू ते सुधारलंसच. त्या दिवशी हरला नसतास तर सुधारलं असतंस का?"

त्यांनी फी घेतली नव्हती हे खरंच होतं. मी सुधारलो हेही खरं होतं. आणि दोन्ही मिळून जे होत होतं ते धडधडीत खोटं होतं, पण ते कुठे मोडायचं हे मला त्या मंडपात सापडलं नाही. नंतरही मनातल्या मनात मी त्यांना कितीदा उत्तर दिलंय. प्रत्येक वेळी निराळं. एकही पुरेसं वाटत नाही. ते जिलबी घ्यायला पुढे निघून गेले.

त्यानंतर मी त्यांना भेटलो नाही. चार-पाच वर्षांनी ते गेले तेव्हा मी चेन्नईत एका स्पर्धेत होतो. आईने फोनवर सांगितलं. दुपारी फेरी होती, ती खेळलो. रजा टाकून निघणं शक्य होतं, पण निघालो नाही, आणि त्याबद्दल मला काही वाटलंही नाही. लहानपणी शेंगा सोलून दाणे माझ्याकडे सरकवणारा माणूस गेला आणि मला काही वाटत नाही, याचंच काय ते वाटलं.

सुट्टीत इंदूरला गेलो तेव्हा कळलं की काकांच्या अंत्ययात्रेला बाबा गेले होते. या वयात, दोन रिक्षा बदलून, सुदामा नगरला.

"तुम्ही कशाला गेलात?" मी विचारलं. मला रागच आला होता.

बाबा चहा पीत होते. त्यांनी कान पुढे केला, मी पुन्हा विचारलं.

"बघायचं होतं," ते म्हणाले, "मिलमधलं कोण कोण येतं ते."

"आलं होतं कुणी?"

"कंपनीतून एक हार आला होता. जावई होते दोघे." बाबांनी कप खाली ठेवला. "मिलचं कुणी नव्हतं. मी होतो, आणि आपले शेजारी. तेही बघायलाच आले होते."

"मग? बोलले तुमच्याशी?"

"नाही," बाबा म्हणाले. "पण येताना त्यांच्या रिक्षात बसवलं मला. घरापर्यंत सोडलं. बोलले काही नाहीत."